दूरचित्रवाणीच्या स्पर्धा कलावंत घडवितात काय?

कोलाड हें मुंबई-गोवा महामार्गावरील, कुंडलिका नदीच्या खोऱ्यांतलें लहानसें गांव. रोहा सोडल्यावर कोंकण रेल्वेचें पहिलें स्थानक येथेंच लागतें. अशा गांवांतील एखाद्या मध्यम स्थितीच्या घरीं रात्रीं जेवणाच्या वेळीं दूरचित्रवाणीवर गाण्याची स्पर्धा चालूं असावी, घरांतील दहा-अकरा वर्षांच्या मुलीनें पडद्यावरच्या मुलीबरोबर तेंच गाणें म्हणावें, सूर बरा लागावा, आजीनें कौतुक करावें आणि शेजाऱ्यांनीं सहज बोलून जावें, "हिला मुंबईला घेऊन जा, ऑडिशन देऊं द्या, एकदां टीव्हीवर आली म्हणजे पोरीचें सोनें होईल," हा प्रकार आतां नवलाचा राहिलेला नाहीं. पण तें वाक्य ऐकणाऱ्या आई-बापांची त्या रात्रीं झोंप उडते. एकीकडे मुलीची शाळा आणि जाण्या-येण्याचा खर्च. दुसरीकडे, देवानें तिच्या गळ्यांत कांहीं घातलें असेल तर तें आपल्या आळसानें वायां जाईल, ही धास्ती. निर्णय काय घ्यावा हें कोणी सांगत नाहीं. आणि जे सांगतात त्यांना त्याचा भार उचलावयाचा नसतो.

हा प्रश्न एकट्या कोलाडचा नाहीं. गेलीं तीस वर्षें निरनिराळ्या वाहिन्यांवर गाण्याच्या, नृत्याच्या आणि विनोदाच्या स्पर्धा चालूं आहेत. आणि जवळजवळ तितकींच वर्षें त्यांच्याविषयीं दोन टोंकांचीं मतें ऐकूं येत आहेत. एक पक्ष म्हणतो कीं, या स्पर्धांनीं खेड्यापाड्यांतील गुण उजेडांत आणले. दुसरा म्हणतो कीं, हा सगळा जाहिरातदारांचा बाजार असून त्यांतून चार दिवसांचे तारे उगवतात आणि मावळतात. दोन्ही मतांत तथ्य आहे. परंतु वाद मिटत नाहीं, कारण तीन निराळ्या गोष्टी एकाच शब्दांत गुंडाळल्या जातात. गुणी माणूस शोधून काढणें ही एक गोष्ट. त्याला लोकांपुढें आणून त्याचें नांव करणें ही दुसरी. आणि त्याला कलावंत म्हणून घडविणें ही तिसरी. शाळेंतील परीक्षा मुलाची विद्या मोजते, निकालपत्र तें माप गांवाला सांगतें. पण विद्या येते ती वर्गांतून आणि वर्षभराच्या अभ्यासांतून. परीक्षेमुळें मुलगा विद्वान् झाला असें कोणी म्हणत नाहीं. दूरचित्रवाणीच्या स्पर्धेविषयीं मात्र लोक सर्रास तसें म्हणतात.

प्रथम हें मान्य केलें पाहिजे कीं, कलेंत स्पर्धा असणें ही कांहीं नवी विकृति नव्हे. कोंकणांत जाखडीच्या निमित्तानें शक्ति आणि तुरा असे दोन पक्ष समोरासमोर उभे राहतात. एका शाहिरानें सवाल टाकावा आणि दुसऱ्यानें तो गाण्यांतूनच सोडवावा, अशी ही झुंज रात्र रात्र चालते. १९५४ सालीं त्या वेळच्या मुंबई राज्यानें हौशी नाट्यस्पर्धा सुरू केल्या. आज ती राज्य नाट्यस्पर्धा म्हणून महाराष्ट्रांत सर्वांना परिचित आहे. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून महाविद्यालयीन एकांकिकांना जुंपतो. १९५७ सालीं मर्फी या रेडिओ बनविणाऱ्या कंपनीच्या नांवानें अखिल भारतीय गायनस्पर्धा झाली आणि तींत महेंद्र कपूर विजयी झाले. पुढें दादा कोंडके यांच्या चित्रपटांतील त्यांचीं मराठी गाणीं गांवोगांवच्या जत्रांत वाजूं लागलीं. अशा स्पर्धेंतून चिरकाल टिकणारा गायक मिळूं शकतो, याचें हें उघड उदाहरण होय. तेव्हां स्पर्धा ही मुळांतच वाईट, या मताला आधार नाहीं.

विचार करावयाचा तो इतकाच कीं, कोणती स्पर्धा कशाची परीक्षा घेते. शक्ति-तुऱ्याच्या झुंजींत शाहिराचा आवाज पाहिला जातो, पण तेवढ्यावर भागत नाहीं. त्याला पुराणांतल्या कथा पाठ असाव्या लागतात, समोरच्याचा सवाल तत्काळ उमजावा लागतो, उत्तर छंदांत बसवावें लागतें, आणि हें सगळें पहांटेपर्यंत पुरवावें लागतें. ऐकणारे गांवकरी त्या कथा जाणतात. ते फसत नाहींत. नाट्यस्पर्धेंत नाटक सलग उभें करावें लागतें. नेपथ्यापासून पाठांतरापर्यंत कोठेंहि उणीव राहिली तर ती पडद्याआड लपत नाहीं.

आकाशवाणीची चाचणी याहूनहि कडक होती. १९५२ ते १९६२ या काळांत माहिती व नभोवाणी खातें सांभाळणारे डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनीं गायक-वादकांच्या निवडीसाठीं परीक्षक-मंडळें नेमलीं. गाणारा परीक्षकांना दिसत नसे. त्याचें रूप, वेष, घराण्याचा बडेजाव किंवा दारिद्र्याची कहाणी यांपैकीं कशाचाहि शिरकाव कानांपर्यंत होत नसे. होई तो फक्त आवाजाचा. या पद्धतीवर त्या वेळीं मोठमोठ्या कलावंतांनीं नाराजी व्यक्त केली, हें खरें. आणि परीक्षक चुकत नसत असेंहि नाहीं. पण या व्यवस्थेंत एक गोष्ट मोलाची होती. चाचणी उतरणाऱ्यास श्रेणी मिळे. श्रेणीप्रमाणें ठराविक काळानें कार्यक्रम मिळत, मानधन मिळे, आणि पुढें अभ्यास वाढला तर श्रेणीहि वाढे. म्हणजे चाचणी हा शेवट नसून प्रारंभ असे. टाळ्या नव्हत्या, करंडक नव्हता. पण दोन-तीन महिन्यांनीं पुन्हां गावयाचें आहे ही जाणीव होती, आणि ती जाणीवच रियाज करून घेत असे.

दूरचित्रवाणीनें हा सांचा बदलला. पण एकदम नव्हे. १९९५ सालीं झी वाहिनीवर सोनू निगम यांच्या निवेदनानें 'सा रे ग म' सुरू झालें. १९९६ सालीं दूरदर्शनवरील 'मेरी आवाज सुनो' या स्पर्धेंत सुनिधी चौहान ही लहान मुलगी विजयी झाली. या पहिल्या काळांत निकाल जाणकार संगीतकार आणि गायक देत. 'सा रे ग म'च्या मुलांच्या स्पर्धेंतून श्रेया घोषाल पुढें आल्या. त्यांचा आवाज दिग्दर्शक संजय लीला भन्साळी यांच्या कानीं पडला आणि २००२ सालच्या 'देवदास' चित्रपटांत त्यांना गावयास मिळालें. मात्र श्रेया यांचें गाण्याचें शिक्षण वयाच्या चौथ्या वर्षीं आईपाशीं सुरू झालें होतें, ही गोष्ट त्या यशाच्या कथेंत बहुधा शेवटीं सांगितली जाते. खरें पाहतां ती आधीं सांगावयास हवी.

मोठा पालट झाला तो २००४ सालीं सुरू झालेल्या 'इंडियन आयडॉल' या स्पर्धेनें. हा विलायती नमुन्यावरून घेतलेला कार्यक्रम होता, आणि त्यांत शेवटचा निकाल प्रेक्षकांनीं दूरध्वनीनें व मोबाइलच्या संदेशांनीं दिलेल्या मतांवर सोंपविला गेला. २००५ सालीं अभिजीत सावंत हा मुंबईचा मराठी तरुण पहिला आला आणि घराघरांत आनंद झाला. तो आनंद रास्त होता. पण त्या दिवसापासून स्पर्धकाला दोन परीक्षा द्याव्या लागूं लागल्या: एक सुरांची आणि दुसरी लोकप्रियतेची. दुसरीच्या उत्तरपत्रिकेंत सूर हा अनेक प्रश्नांपैकीं एक प्रश्न झाला. स्पर्धकाचें गांव कोणतें, त्याच्या भाषेचे लोक किती, त्याच्या घरची स्थिति किती करुण, तो हसतो कसा आणि रडतो कसा, यांनाहि गुण मिळूं लागले.

येथें वाहिन्यांना दोष देऊन मोकळें होणें सोपें आहे. परंतु त्यांचें काम कसें चालतें हें समजून घेतलें पाहिजे. खासगी वाहिनीचें पोट मुख्यतः जाहिरातींवर भरतें. जाहिरातीचा दर कार्यक्रम किती लोक पाहतात यावर ठरतो. आणि लोक पाहतात तें केवळ गाण्यासाठीं नव्हे, तर पुढें काय होईल या उत्सुकतेसाठीं. म्हणून अशा कार्यक्रमांत गाणें तीन-चार मिनिटें असतें आणि त्याच्या मागें-पुढें कथा असते. गाणें बहुधा लोकांच्या आधींच आवडीचें असतें. त्यामुळें ऐकणाऱ्याला निम्मा आनंद जुन्या आठवणीचा होतो आणि श्रेय नव्या गळ्याला मिळतें. मागें कसलेला वाद्यमेळ असतो, चित्रण आधीं होतें, नंतर त्याची कापाकापी होते, आणि प्रेक्षकापुढें येतो तो नीट निवडलेला भाग. यांत लबाडी आहे असें नाहीं. नाटकांतहि प्रकाश आणि रंग असतातच. परंतु या मापानें मोजला जातो तो गुण म्हणजे दुसऱ्याचें गाजलेलें गाणें थोडक्या वेळांत प्रभावीपणें म्हणण्याचा. दोन तासांची मैफल एकट्यानें पेलणें, नव्या चालीला स्वतःचा अर्थ देणें, पडलेला कार्यक्रम सांवरून नेणें, हे गुण येथें मोजलेच जात नाहींत. मनोरंजन करणाऱ्याचें सारें आयुष्य मात्र याच न मोजलेल्या गुणांवर उभें असतें.

आतां महाराष्ट्रांतील सर्वांत परिचित उदाहरण घ्यावें. झी मराठीवरील 'सा रे ग म प लिटल चॅम्प्स' ही मुलांची स्पर्धा २००८ सालीं सुरू होऊन २००९ च्या फेब्रुवारींत संपली. पल्लवी जोशी यांचें निवेदन आणि अवधूत गुप्ते व वैशाली सामंत यांचें परीक्षण असलेल्या या स्पर्धेनें त्या हिंवाळ्यांत मराठी घरें अक्षरशः एका जागीं बसविलीं. शेवटच्या फेरींत पांच मुलें होतीं: आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, लातूरचा रोहित राऊत, रत्नागिरी जिल्ह्यांतील आरवलीचा प्रथमेश लघाटे आणि रायगड जिल्ह्यांतील अलिबागची मुग्धा वैशंपायन. कार्तिकी विजयी झाली. पण लोकांनीं पांचांनाहि 'पंचरत्न' म्हणून उराशीं धरलें. मुग्धा त्यांत सर्वांत लहान. 'मॉनिटर' हें तिचें लाडकें नांव कोलाड-रोह्याच्या मुलांनाहि ठाऊक होतें, कारण ती आपल्याच जिल्ह्याची पोर होती.

या पांचांचें पुढें काय झालें, यावरून पुष्कळ शिकण्यासारखें आहे. आर्या आंबेकर २०१७ सालच्या 'ती सध्या काय करते' या चित्रपटांत नायिका म्हणून आल्या आणि त्यांत गायल्याहि. रोहित राऊत पुन्हां एकदां स्पर्धेच्या रिंगणांत उतरले आणि २०२० सालीं 'इंडियन आयडॉल'च्या अकराव्या पर्वांत दुसरे आले. प्रथमेश आणि मुग्धा यांनीं अभंग व नाट्यसंगीताची वाट धरली. कार्तिकी भक्तिगीतें आणि लोकगीतें गात राहिल्या. २०२१ सालीं याच कार्यक्रमाचें नवें पर्व सुरू झालें तेव्हां हे पांचहि जण स्पर्धकांच्या जागीं नव्हे, तर परीक्षणाच्या आसनावर बसले. बारा वर्षें गाणें टिकलें, ही गोष्ट स्पर्धेच्या निंदकांनीं प्रांजळपणें कबूल केली पाहिजे.

पण तें टिकलें कशामुळें? कार्तिकीचे वडील कल्याणजी गायकवाड स्वतः गायक आणि संगीतकार. तिचें बालपण आळंदीच्या भजनी वातावरणांत गेलें. आर्याची आई श्रुती आंबेकर शास्त्रीय गायिका, घरांतच गुरु. म्हणजे स्पर्धेच्या दारांत पाऊल टाकण्यापूर्वींच सुरांची पेरणी झालेली होती. आणि स्पर्धा संपल्यावर हीं मुलें एकाएकीं व्यवसायांत लोटलीं गेलीं नाहींत. तीं शाळेंत गेलीं, मोठीं झालीं, शिकत राहिलीं. स्पर्धेनें त्यांना ओळख दिली. ती ओळख पुरेशी काळजी घेऊन सांभाळली ती घरानें आणि गुरूनें. स्पर्धेच्या आधींचीं वर्षें आणि नंतरचीं वर्षें वजा केलीं, तर त्या सात-आठ महिन्यांत काय उरतें, असा हिशेब एकदां करून पाहावा.

विजेतेपदाचा आणि टिकण्याचा संबंध किती सैल आहे, हें दुसऱ्या एका जोडीवरून दिसतें. २००५ सालीं अभिजीत सावंत विजयी झाले. त्याच वर्षीं 'फेम गुरुकुल' नांवाच्या दुसऱ्या स्पर्धेंत बंगालमधील अरिजित सिंग हा तरुण अखेरच्या फेरीपर्यंतहि पोंचला नाहीं. सावंत यांना कीर्ति तत्काळ मिळाली, ध्वनिफीत निघाली, आणि त्यांचें नांव लोक आजहि ओळखतात. तथापि पुढील काळांत चित्रपटगीतांचा मुख्य प्रवाह इतर आवाजांकडे वळला. अरिजित मात्र संगीतकारांच्या हाताखालीं ध्वनिसंयोजनाचें पडद्यामागील काम करीत राहिले. प्रीतम यांच्याकडे त्यांनीं ही उमेदवारी केली. आठ वर्षांनीं, २०१३ सालीं 'आशिकी २' मधील गाण्यांनीं ते सर्वांना माहीत झाले. पराभव झाला म्हणून ते मोठे झाले, असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. पराभूत होऊन विस्मृतींत गेलेले असंख्य आहेत. म्हणणें एवढेंच कीं, त्या आठ वर्षांच्या उमेदवारीला पर्याय ठरेल अशी एकहि स्पर्धा अद्याप निघालेली नाहीं.

तथापि स्पर्धेच्या बाजूनें एक मुद्दा असा आहे कीं, त्यापुढें मान लववावी लागते. पूर्वीं गाणाऱ्याला पुण्या-मुंबईचा रहिवास, नामांकित गुरु किंवा धनिकाचा आश्रय यांपैकीं कांहींतरी लागे. विदर्भांतील हिंगणघाटकडच्या वैशाली माडे यांनीं आधीं मराठी आणि मग हिंदी 'सा रे ग म प' स्पर्धा जिंकली, आणि २०१५ सालच्या 'बाजीराव मस्तानी' चित्रपटांत श्रेया घोषाल यांच्या जोडीला त्यांचा आवाज लागला. दूरचित्रवाणी नसती तर तो आवाज मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहापर्यंत इतक्या लवकर पोंचला असता काय? लातूर, आळंदी, आरवली हीं नांवें एका रांगेंत बसलीं, हेंहि लहान काम नव्हे. शोधून काढणें आणि ओळख करून देणें, या दोन कामांत या स्पर्धांनीं महाराष्ट्राचें हित केलें आहे, हें निःशंकपणें म्हणतां येईल.

तिसरें काम, म्हणजे घडविणें, तें दूरचित्रवाणीकडून कधींच होत नाहीं काय? होतें, पण कोठें होतें तें पाहण्यासारखें आहे. झी मराठीवरील 'फू बाई फू' ही विनोदाची स्पर्धा होती. तींतून भाऊ कदम घरोघर पोंचले आणि २०१४ पासून 'चला हवा येऊ द्या' या कार्यक्रमांत वर्षानुवर्षें दिसत राहिले. सोनी मराठीवरील 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' हीहि २०१८ सालीं स्पर्धा म्हणूनच सुरू झाली. सचिन मोटे आणि सचिन गोस्वामी यांनीं तिची उभारणी केली. या कार्यक्रमांतील समीर चौघुले यांच्यासारखे नट आधीं रंगभूमीवर घासलेले होते, हें तर खरेंच. पण पुढें तेथें स्पर्धेचा आव जवळजवळ नांवापुरता उरला आणि ती एक नाटक मंडळीच बनली. दर आठवड्याला नवी संहिता, नवी तालीम, तोच संच, समोर जिवंत प्रेक्षक; एकाचें वाक्य पडलें तर दुसऱ्यानें उचलावयाचें. नव्या नटांना या रोजच्या कामांत जें शिकावयास मिळतें तें कोणत्याहि अंतिम फेरींत मिळणार नाहीं. जेथें स्पर्धा मागें पडून नित्याचें काम सुरू होतें, तेथेंच दूरचित्रवाणी कलावंत घडवूं लागते. करंडकाचा यांत फारसा संबंध नाहीं.

या हिशेबाची दुसरी बाजूहि मांडली पाहिजे. पडद्यावर दिसतात ते निवडलेले. परत गेलेले दिसत नाहींत. ऑडिशनच्या रांगेंत पहांटेपासून उभीं राहून संध्याकाळीं माघारीं फिरणारीं मुलें कोणाच्या लक्षांत राहत नाहींत. आणि जीं निवडलीं जातात त्यांच्यावरचा ताणहि लहान नसतो. लक्षावधि लोकांसमोर 'तूं बाद झालास' हें वाक्य ऐकण्यास प्रौढ माणसालाहि धैर्य लागतें. दहा वर्षांच्या मुलाला तें कोठून यावें?

सरकारनें या बाबतींत कांहीं बंधनें घातलेलीं आहेत, आणि तीं प्रत्येक आई-बापानें माहीत करून घ्यावींत. बालकामगारांविषयींच्या कायद्यांत २०१६ सालीं दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यास त्यानें मनाई केली, पण कलावंत म्हणून काम करण्यास अटींसह मुभा दिली. २०१७ च्या नियमांप्रमाणें असें काम दिवसांतून पांच तासांहून अधिक घेतां येत नाहीं आणि विश्रांतीवांचून सलग तीन तासांहून अधिक घेतां येत नाहीं. निर्मात्यानें जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी काढावयाची असते. मुलाचें शिक्षण खंडित होणार नाहीं याची व्यवस्था करावयाची असते. सलग सत्तावीस दिवसांपेक्षां अधिक काम घ्यावयाचें नसतें. आणि मिळकतीचा निदान वीस टक्के भाग मुलाच्या नांवें बँकेंत मुदतीच्या ठेवींत ठेवावयाचा असतो. मुलाच्या मनाविरुद्ध त्याला उभें करतां येत नाहीं. २०१९ च्या जूनमध्यें केंद्र सरकारच्या प्रसारण मंत्रालयानें, नृत्याच्या कार्यक्रमांत लहान मुलांकडून वयास न शोभणारे हावभाव करवून घेऊं नयेत, अशी सूचना वाहिन्यांना दिली. नियम चांगले आहेत. पण ते पाळले जातात कीं नाहीं हें पाहणारा पहिला माणूस दंडाधिकारी नसून आई किंवा बाप हाच असतो. कागदावर सही करण्यापूर्वीं तो शेवटपर्यंत वाचावा, समजला नाहीं तर जाणत्या माणसाकडून समजावून घ्यावा, एवढी खबरदारी तरी घ्यावीच.

कोलाडच्या लोकांना या साऱ्या विषयाचें मर्म त्यांच्या नदीवरूनच कळण्यासारखें आहे. मुळशी धरणाचें पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून नळांनीं भिऱ्याच्या वीजकेंद्रांत उतरतें आणि वीज निर्माण करून कुंडलिकेंत सोडलें जातें. सकाळीं तें सुटलें कीं नदी फेंसाळते. मुंबई-पुण्याचे पाहुणे रबरी नौकांत बसून सुमारें बारा किलोमीटरांचा प्रवाह आरडाओरडा करीत उतरतात. ती मौज खरी असते. पण पाणी बंद झालें कीं नदी पुन्हां संथ होते आणि सकाळचा वेग आपला नव्हता, पाण्याचा होता, हें पाहुण्याच्या ध्यानांत येतें. नौकेवर पुढच्या दिवशींहि राहतो तो तिचा नावाडी. कारण त्याचें वल्हें पाण्याच्या वेगावर अवलंबून नसतें, त्याच्या हातांत मुरलेलें असतें. दूरचित्रवाणीच्या प्रसिद्धीचा दरवाजाहि असाच दुसऱ्याच्या हातीं असतो. तो उघडा आहे तोंवर सगळेच वेगानें जातात. पर्व संपतें, दुसरीं मुलें येतात, आणि मग ज्याच्या हातीं वल्हें आहे तो पुढें जातो.

तेव्हां त्या मुलीच्या आई-बापांनीं करावें तरी काय? ऑडिशनला जाऊंच नये, असा उपदेश येथें नाहीं. जावें, पण जाण्यापूर्वीं स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. मुलगी कोणापाशीं नियमानें शिकत आहे काय, कीं केवळ पडद्यावरून पाठ करीत आहे? निवड झाली नाहीं तर दुसऱ्या दिवशीं ती पेटी उघडून बसेल काय? आणि निवड झाली तर चार-सहा महिन्यांनंतर ती कोणत्या शाळेंत, कोणत्या गुरूपाशीं परत येणार, हें आजच ठरलेलें आहे काय? या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक असलीं, तर स्पर्धेपासून तिला धोका नाहीं. जिंकली तर ओळख मिळेल, हरली तर अनुभव मिळेल. उत्तरें नसलीं, तर गाडीभाड्याचा पैसा आधीं शिक्षकाच्या शिकवणीला द्यावा. दोन वर्षांनीं रांग तेथेंच असेल.

उरलेलें कर्तव्य मात्र पाहणाऱ्यांचें आहे. मोबाइलवरून मत देण्यास एक क्षण लागतो आणि त्यानें स्पर्धक जिंकतो. त्याला कलावंत म्हणून जगवावयाचें तर वर्षभर त्याचें ऐकावें लागतें. तालुक्याच्या गांवीं पेटी-तबला शिकविणाऱ्या शिक्षकाला पुरेसे विद्यार्थी मिळाले पाहिजेत. गणेशोत्सवांत ध्वनिवर्धकाच्या गोंगाटाऐवजीं एक रात्र तरी गांवच्या मुलांना गावयास मिळाली पाहिजे. जिल्ह्यांतल्या गायकाचा कार्यक्रम असेल तेव्हां फुकट प्रवेशिकेची वाट न पाहतां तिकीट काढलें पाहिजे. हें जेथें होतें तेथें कलावंत आपोआप तयार होतात, आणि त्यांतला एखादा दूरचित्रवाणीवर गेला तर परत येण्यास त्याला जागा असते. कोलाडच्या त्या घरीं उद्यां सकाळीं शाळेपूर्वीं अर्धा तास सा लावला गेला, तर शेजाऱ्यांच्या सल्ल्याचें काय करावयाचें तें सावकाश ठरवितां येईल.